जाम झालेला नट सोडवताना काय वाचवायचे ते आधी ठरवा

खानापूर तालुक्यातील एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांची मार्क टू अँबेसिडर गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये १४ पावसाळे उभी होती आणि आता नातवाने ती पुन्हा रस्त्यावर आणायचे मनावर घेतले आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारी नळ्यांची जोडणी) काढताना एक स्टड (एका टोकाने इंजिनात बसवलेला, बिनडोक्याचा आट्यांचा दांडा) हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, अगदी जवळ तुटला, दोन नटांचे कोपरे झिजून ते गोल झाले, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगांचे) यू-बोल्ट जागचे हलत नाहीत आणि ब्रेक ड्रमच्या स्क्रूंच्या खाचा खराब झाल्या आहेत. जवळच्या गॅरेजमधील मिस्त्रींचे म्हणणे आहे की गॅस लावून सगळे कापून काढू, एका दिवसाचे काम आहे. तसे करावे का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की यू-बोल्ट कापा, पण गॅसने नव्हे. बाकीच्या ठिकाणी कापण्याची वेळ बहुधा येणारच नाही. बेळगावात उद्यमबागेच्या परिसरात मी गेली पस्तीस वर्षे जुन्या गाड्यांची कामे करतो आहे, आणि या काळात माझ्याकडे आलेल्या खराब झालेल्या हेडांपैकी आणि हाउसिंगांपैकी फारच थोडी गंजामुळे खराब झालेली होती. बहुतेकांचे नुकसान गंज काढायला निघालेल्या माणसाच्या घाईने केलेले होते. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी प्रत्येक सांध्यापाशी एक गोष्ट ठरवावी लागते: या सांध्यातला कोणता भाग वाचवायचा आणि कोणता गेला तरी चालेल? नट काही रुपयांना मिळतो. स्टड लेथवर करून घेता येतो. बिडाचे हेड किंवा ड्रम मात्र शोधत हिंडावे लागते. तेव्हा स्टड वाचवण्यासाठी नटाचा आणि बीड वाचवण्यासाठी स्टडचा बळी द्यावा. याच्या उलट कधीही करू नये. पुढे जे सांगणार आहे ते सगळे या एका उतरंडीवर आधारलेले आहे.

तुमच्या दोन नटांचे कोपरे गोल कसे झाले असावेत, याचा मला बराचसा अंदाज आहे. अँबेसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली गाडी असून तिचे १४८९ सीसीचे जुने इंजिन ब्रिटिश बी-सिरीज घराण्यातले आहे. या इंजिनावरचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. ५/१६ इंची बोल्टाला सामान्यतः अर्ध्या इंचाचा पाना लागतो, म्हणजे १२.७ मिलिमीटर. आजकाल घरोघरी जो सॉकेट सेट असतो तो मिलिमीटरचा असतो, आणि त्यातला १३ चा सॉकेट या नटावर अगदी सहज बसतो. तो ०.३ मिलिमीटरने सैल असतो हे हाताला जाणवत नाही; नट नवा असेल तर त्याने कामही होते, पण गंजलेल्या, कोपरे आधीच खाल्लेल्या नटावर तेवढीच फट पुरेशी ठरते आणि पाना घसरतो. ९/१६ च्या नटाचे याहून वाईट, कारण ते माप सुमारे १४.३ मिलिमीटर असल्याने १४ चा पाना त्यावर चढत नाही आणि मग माणूस १५ चा लावतो. म्हणून आधी ७/१६, १/२ आणि ९/१६ या तीन मापांचे सहा कोनांचे सॉकेट आणि रिंग पाने घ्या. बारा कोनांचा सॉकेट नटाच्या कोपऱ्यांना धरतो, तर सहा कोनांचा त्याच्या सपाट बाजूंना धरतो, आणि गंजलेल्या नटावर हा फरक फार मोठा असतो. उघडा फिक्स पाना या कामाला वापरूच नका. तुमच्याकडे फियाट ११०० किंवा पद्मिनी असती तर हाच सल्ला उलटा झाला असता, कारण तिचे नट-बोल्ट मिलिमीटरचे असतात. जुन्या विलीज जीपवर काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तिच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट डाव्या आट्यांचे असतात, त्यामुळे जाम झालेला समजून पाइप लावून ओढलेला नट प्रत्यक्षात आणखी आवळला जात असतो.

आता नट जाम का होतो ते पाहू, कारण कारण कळले की उपाय आपोआप सुचतो. नट आवळताना आपण लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने निम्मा जोर नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांमधल्या घर्षणात जातो, आणि बोल्टाला ताण देण्याच्या कामी येतो तो जेमतेम दहावा हिस्सा. सोडवतानाही अडथळा याच दोन जागी असतो. त्यात गंज धरला की लोखंडाच्या जागी दुपटीहून अधिक जागा व्यापणारा पदार्थ तयार होतो आणि मुळात केसाएवढी फट असलेल्या आट्यांत तो पाचरीसारखा ठासून बसतो. नवख्या माणसाचे सगळे लक्ष आट्यांकडे असते; नटाचे बूड आणि वायसर यांच्यामध्ये धरलेला गंज त्याच्या लक्षात येत नाही, आणि तेल नेमके तिथे पोहोचत नाही.

तुमच्या बाबतीत गोठ्याचे शेजारपण हेही एक कारण आहे. जनावरांच्या मुताचा अमोनिया हवेत सतत असतो, आणि तो ओलाव्यासोबत पितळाला तडे पाडतो. हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेने पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत असत आणि त्यातूनच या दोषाचा अभ्यास सुरू झाला. तुमच्या मॅनिफोल्डवरचे काही नट पितळेचे असतील, तर त्यांवर बारीक उभ्या चिरा आहेत का ते भिंगातून पाहा. असा नट पाना लावताच दुभंगेल, आणि तो दुभंगला तर वाईट वाटून घेऊ नका. तो स्टडला इजा न करता सुटला असेच समजा.

कामाची सुरुवात तारेच्या ब्रशाने करा. नटाच्या बाहेर डोकावणारे स्टडाचे आटे चकचकीत होईपर्यंत घासा, कारण नट सुटला तरी त्याला याच गंजलेल्या आट्यांवरून बाहेर यायचे असते, आणि अर्ध्या वाटेत तो पुन्हा पकडला गेला की स्टड पिळून तुटतो. तुमचा तुटलेला स्टड असाच तुटला असण्याचा संभव आहे. त्यानंतर पेनिट्रेटिंग ऑइल घाला. बाजारात मिळणारे कोणतेही चांगले ऑइल चालेल. ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि ॲसिटोन सम प्रमाणात मिसळून केलेले मिश्रणही उत्तम काम करते, मात्र ते लगेच वेगळे होते म्हणून दर वेळी हलवून घ्यावे लागते आणि ते भयंकर ज्वालाग्राही असते. नुसत्या रॉकेलनेही काम होते, फक्त वेळ अधिक लागतो. तेल कोणते यापेक्षा ते किती वेळ आणि किती वेळा घातले याला अधिक महत्त्व आहे. सकाळ-संध्याकाळ, निदान तीन दिवस घाला. जिथे तेल ओघळून जाते तिथे रोपाला आळे करतो तसे शाडूचे किंवा काचेच्या पुटीचे छोटे आळे नटाभोवती करा आणि त्यात तेल साचू द्या.

दर वेळी तेल घातल्यावर हातोडा वापरायचा आहे, पण मोडण्यासाठी नाही. पाव किलोचा हातोडा घ्या, नटाच्या एका बाजूला जड लोखंडी तुकडा किंवा दुसरा हातोडा टेकवून धरा आणि समोरच्या बाजूवर नेमके, कोरडे ठोके द्या. मग नटाच्या शेजारच्या दोन बाजू घेऊन पुन्हा तेच करा. या ठोक्यांनी नट क्षणभर अंडाकृती होतो, गंजाचा थर तडकतो आणि त्या तड्यांतून तेल आत शिरते. बोल्ट असेल तर त्याच्या डोक्यावर सरळ ठोके द्या, म्हणजे डोक्याच्या बुडाखालचा गंज सुटतो. पहिल्या दिवशी या ठोक्यांचा आवाज भरीव, एकजीव येतो, जणू आपण हेडवरच ठोकतो आहोत. तिसऱ्या दिवशी कान देऊन ऐकले तर तो किंचित फुटका येऊ लागतो. माझ्या गुरूंनी मला पाना देण्याआधी सहा महिने फक्त हे ठोके द्यायला लावले होते. त्या वेळी मला ते जाचक वाटे, पण आज मी नव्या मुलांना तेच करायला लावतो.

त्यानंतर पाना लावा आणि पहिला जोर आवळण्याच्या दिशेने द्या. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण नट आवळण्याच्या बाजूला केसभर जरी हलला तरी गंजाची पकड मोडते आणि ती सुद्धा आट्यांच्या ज्या बाजूवर भार नव्हता तिथून. मग सोडवण्याच्या दिशेने. नट हलला की उत्साहाच्या भरात पुढे फिरवत जाऊ नका. फेऱ्याचा आठवा भाग सोडा, तेवढाच परत आवळा, तेल घाला, मग पाव फेरा सोडा, थोडा आवळा. असे मागे-पुढे करत त्याला बाहेर आणा. फिरवताना कर्रर्र असा कोरडा आवाज आला तर तो गंजाची भुकटी आट्यांत भरडली जात असल्याचा आवाज असतो. तिथे थांबलेच पाहिजे. त्याहून महत्त्वाची खूण म्हणजे हाताला येणारी लवचीक, रबरासारखी जाणीव. पाना फिरतो आहे पण नटाऐवजी स्टडच पिळला जातो आहे, असा त्याचा अर्थ. त्या क्षणी पाना सोडून द्यावा आणि पुढच्या उपायाकडे जावे.

पान्याला पाइप लावण्याचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर दिला तर बोल्टावर सुमारे ३० न्यूटन-मीटर पीळ पडतो. त्याच हाताने ६० सेंटिमीटरच्या पाइपला तेवढाच जोर दिला तर तो सुमारे १२० होतो. ८ मिलिमीटरचा, ८.८ दर्जाचा धडधाकट बोल्ट नवा असताना २५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात आणि ५/१६ इंची बोल्ट जाडीने जवळपास तेवढाच असतो. म्हणजे पाइप लावला की बोल्ट तुटण्याची हद्द आपण नकळत केव्हाच ओलांडलेली असते, आणि तुटण्याआधी हाताला काही कळतही नाही. चाकाचे नट किंवा पाट्यांचे मोठे बोल्ट यांना पाइप ठीक आहे. इंजिनावर नको.

तेलाने भागले नाही तर उष्णता. पण तुमच्या गाडीत आधी एक गोष्ट करा: बी-सिरीजच्या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात, त्यामुळे कार्बोरेटर मॅनिफोल्डच्या अगदी डोक्यावर बसलेला असतो. तो काढून बाजूला न्या, पेट्रोलची नळी बंद करा, बॅटरी काढा, आधी घातलेले तेल पुसून घ्या आणि वाळूची बादली हाताशी ठेवा. गोठ्याला लागून कडबा रचलेला असेल तर गाडी ढकलून अंगणात आणल्याशिवाय ज्योत पेटवू नका. ब्रेक क्लीनरने धुतलेल्या भागाला तर मुळीच ज्योत लावू नका, कारण त्यातील क्लोरीनयुक्त द्रावक तापल्यावर फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो. पिवळसर झाक असलेल्या जुन्या बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो. त्याचा धूर फुप्फुसांना घातक असतो, म्हणून काम उघड्यावर आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहून करा.

स्टडावर नट असेल तर फक्त नट तापवायचा असतो. छोटी, टोकदार ज्योत नटाच्या सपाट बाजूंवर फिरवा. नट फुगतो, स्टड तुलनेने थंड राहतो आणि दोघांमधला गंज तडकतो. नट मंद लाल दिसू लागला की ज्योत काढा, लाली जाऊ द्या, आणि तो गरम असतानाच आधी किंचित आवळून मग सोडा. माझा आवडता उपाय याच्या पुढच्या पायरीवर आहे: लाली पूर्ण गेल्यावर, नट अजून चांगला तापलेला असताना, आट्यांच्या तोंडाशी साधी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांच्या फटीत ओढले जाते, तेल जिथे जळून जाईल तिथेही ते पोहोचते, आणि थंड झाल्यावर वंगणाचे काम करते. बोल्ट बिडात घुसलेला असेल तर भोवतालचे बीड हळूहळू, मोठ्या भागावर पसरून तापवा. बीड एकाच जागी झटकन तापवले किंवा तापलेल्या बिडावर पाणी ओतले तर ते चिरते, आणि त्या चिरेवर फारसा इलाज नसतो.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण हे वाचणाऱ्यांत पद्मिनीचे मालकही असतील आणि त्या गाडीचे हेड ॲल्युमिनियमचे असते. लोखंडी स्टड आणि ॲल्युमिनियम यांच्यात ओलावा शिरला की दोन धातूंची जणू बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी स्टडाभोवती सिमेंटासारखी बसते. चोर्ला घाटातून गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांत, खाऱ्या हवेमुळे, ही भुकटी नेहमी सापडते. इथे निसर्ग एका बाबतीत आपल्या बाजूचा असतो: तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगते. १० मिलिमीटरचे छिद्र १०० अंशांनी तापवले तर स्टड आणि छिद्र यांच्यात सुमारे ०.०११ मिलिमीटरचा फरक पडतो. आकडा क्षुल्लक दिसतो, पण तेवढ्याने पकड सुटते. धोका असा की ॲल्युमिनियम तापल्यावर लाल होत नाही. ६६० अंशांच्या आसपास, मिश्रधातू असेल तर त्याआधीच, ते एकाएकी ढासळते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका पद्मिनीच्या हेडवर कोणीतरी लाल होण्याची वाट पाहत ज्योत धरली होती आणि थर्मोस्टॅटजवळचा कान वितळून खाली ओघळला होता. म्हणून मी हेडवर धुण्याच्या साबणाची वडी घासून रेघ ओढतो; ती रेघ तपकिरी होऊ लागली की ज्योत बंद. बहुतेक वेळा तेवढीही गरज पडत नाही, हीट गन पुरते.

गोल झालेल्या तुमच्या दोन नटांसाठी आता सोपा मार्ग. एक माप लहान असलेला सहा कोनी सॉकेट हातोड्याने ठोकून बसवून पाहा. इथे मिलिमीटरचा १२ चा सॉकेट उपयोगी पडतो, कारण तो मूळ मापापेक्षा ०.७ मिलिमीटरने लहान असतो. तो धरत नसेल तर नट चिरा. बारीक दातांच्या हॅक्सॉ ब्लेडने, स्टडाला समांतर, आट्यांपर्यंत पोहोचण्याच्या जरा आधी थांबेल अशी खाच पाडा आणि त्या खाचेत धारदार छिन्नी ठेवून एक ठोका द्या. नट उकलतो आणि स्टड शाबूत राहतो. नट चिरायला ग्राइंडर वापरू नका. मॅनिफोल्डजवळ जागा अपुरी असते आणि चकती हेडला लागली की गॅस्केटचा पृष्ठभाग गेला.

यू-बोल्ट मात्र सरळ कापा. ते वाचवण्यात अर्थ नाही, कारण एकदा ताणलेले जुने यू-बोल्ट पुन्हा वापरूच नयेत आणि पाट्यांची कामे करणाऱ्यांकडे तुमच्या मापाचे नवे वाकवून मिळतात. हॅक्सॉने किंवा पातळ चकतीच्या ग्राइंडरने कापा. गॅस नको म्हणतो त्याचे कारण असे की पाटे पाणी दिलेल्या पोलादाचे असतात. ज्योतीने त्यांचे पाणी उतरले की त्या जागी पाटा आधी बसतो आणि पुढे मोडतो. शिवाय मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी आहे, आणि १४ वर्षांत पेट्रोल उडून गेलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. कापण्यापूर्वी बॉडी आणि ॲक्सल दोन्हींना स्वतंत्र, भक्कम टेकू द्या. पुढच्या सस्पेन्शनचे बोल्ट तूर्त सोडूच नका: या गाडीला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळ्या, आहेत, त्यांत प्रचंड ताण साठलेला असतो आणि तो पद्धतशीर उतरवल्याशिवाय बोल्ट सोडणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

ड्रमच्या स्क्रूंसाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, म्हणजे डोक्यावर हातोडा मारताच टोक थोडे फिरणारा स्क्रूड्रायव्हर. तो उभ्या ठोक्याने स्क्रूचे बूड मोकळे करतो आणि त्याच क्षणी पीळही देतो, आणि दाबामुळे टोक खाचेतून उसळून बाहेर येत नाही. खाच फार खराब असेल तर टोकाला थोडी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावा. तिचे कण दोन्ही पृष्ठभागांत रुततात आणि पकड येते. त्यानेही न सुटल्यास स्क्रूचे फक्त डोके ड्रिलने उडवा, ड्रम काढा, मग उरलेला दांडा ग्रिप प्लायरने हाताने सुटेल, कारण डोके गेल्यावर त्याच्यावरचा ताण संपलेला असतो. ब्रेकच्या आसपास पेनिट्रेटिंग ऑइल बेताने वापरा: खनिज तेलाचा थेंब ब्रेकच्या यंत्रणेत गेला तर व्हील सिलिंडरचे आणि मास्टर सिलिंडरचे रबर फुगते. ब्लीडर निपल आणि नळ्यांचे नट यांना फ्लेअर नट पानाच (नटाला जवळजवळ पूर्ण वेढणारा पाना) लावा.

आता तुटलेला स्टड, ज्याची तुम्हाला सर्वाधिक काळजी आहे. तो जरासा जरी बाहेर असेल तर तुम्ही नशीबवान आहात. चांगल्या वेल्डरला बोलवा. स्टडाच्या टोकावर त्याहून एक माप मोठा नट ठेवायचा आणि नटाच्या पोकळीतून वेल्डिंग करून तो स्टडाला जोडायचा. बिडाला साधे वेल्डिंग नीट धरत नाही, हे इथे आपल्या पथ्यावर पडते. तरीही नटाखाली एक वायसर ठेवला तर हेड सुरक्षित राहते. या उपायाची खरी ताकद नटाच्या पकडीत नसून उष्णतेत आहे, कारण ती थेट स्टडाच्या गाभ्यात जाते. तो तापून फुगतो, भोवतालचा गंज चिरडतो आणि थंड होताना आकसतो. म्हणून वेल्डिंग संपताच झडप घालू नका, चार-पाच मिनिटे थांबा, मेण लावा, मग मागे-पुढे हलवा. पहिल्या वेळी नट सुटून आला तर पुन्हा जोडा. एका हेडवर मी सहा वेळा नट जोडला होता आणि सहाव्या वेळी स्टड बोटांनी फिरवता येईल इतका सैल निघाला.

इझीआउट मात्र मला पसंत नाही. गाभ्यात छिद्र पाडून उलट्या आट्यांचे हे कडक पोलादी टोक घुसवले जाते. ते आत शिरताना स्टडाला बाहेर फुगवते, म्हणजे पकड आणखी घट्ट करते, आणि तुटले तर साध्या ड्रिलने त्यात छिद्र पडत नाही. जो स्टड पूर्ण ताकदीच्या डोक्यानिशी सुटला नाही, तो त्याच्या निम्म्या जाडीच्या टोकाने सुटेल अशी अपेक्षा करणे बरोबर नाही.

वेल्डिंगनेही जमले नाही तर हेड उतरवून ड्रिल करावे लागेल, आणि ते हातातल्या ड्रिलने करू नका. उद्यमबागेत मिलिंग आणि लेथची कामे करणारे कुशल कारागीर जागोजागी आहेत. फाउंड्री आणि मशीनिंगसाठी आपले शहर प्रसिद्ध आहे, त्याचा लाभ घ्या. स्टडाचे टोक कानशीने सपाट करून, मध्य नेमका मोजून सेंटर पंचाने खूण करावी, आधी ३ मिलिमीटरचे छिद्र पाडावे आणि टप्प्याटप्प्याने वाढवत जावे. डाव्या दिशेने कापणारे ड्रिल मिळाले तर उत्तम, कारण अनेकदा ड्रिल करता करताच स्टड उलटा फिरून बाहेर येतो. छिद्राचे शेवटचे माप आटे पाहूनच ठरवा: ब्रिटिश इंजिनांत बिडात जाणारे टोक पुष्कळदा जाड आट्यांचे, म्हणजे यूएनसी असते आणि नटाकडचे बारीक, यूएनएफ. ५/१६ यूएनसीसाठी ६.५ ते ६.६ मिलिमीटर, तर ५/१६ यूएनएफसाठी ६.९. एवढे झाले की स्टडाचे फक्त आट्यांचे पातळ वेटोळे उरते, ते टोकदार सळईने उचकटून काढायचे आणि टॅप फिरवून मूळ आटे साफ करायचे. खोलीवर कडक लक्ष ठेवा, नाहीतर ड्रिल पाण्याच्या वाटेत उतरू शकते. आटे वाचले नाहीत तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचे काम करणारे तारेचे वेटोळे, बसवता येते आणि ती काही कमीपणाची दुरुस्ती नव्हे.

एक गोष्ट आपल्या भागामुळे सुचते. सुटे केलेले लोखंडी आणि बिडाचे भाग, कंस, ड्रम, नट-बोल्ट यांचा गंज काढायला उसाच्या मळीसारखी स्वस्त आणि सौम्य वस्तू नाही. चिकोडी, रायबाग, अथणीचा सगळा पट्टा साखर कारखान्यांचा आहे आणि जनावरांच्या खाद्यासाठी मळी विकत मिळते. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात भाग आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवा. गंज सुटतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. ॲल्युमिनियम आणि कार्बोरेटरसारखे मजॅकचे (जस्ताच्या मिश्रधातूचे) भाग त्यात टाकू नका, आणि वास सहन होत नाही म्हणून पिंप घरापासून लांब, झाकून ठेवा.

परत जोडताना मॅनिफोल्डला नवे पितळी नट वापरा. पितळ आणि पोलाद एकमेकांत गंजून बसत नाहीत, आणि वेळ आलीच तर नटाचे आटे जातात, स्टड राहतो. गोठ्याची गोष्ट वर सांगितलीच आहे, तेव्हा गाडीची जागा मात्र बदलावी लागेल. स्टडाच्या आट्यांना तांब्याची अँटी-सीझ पेस्ट अगदी पातळ लावा. वंगण लावलेल्या आट्यांत तेवढ्याच जोराने नट अधिक आवळला जातो, त्यामुळे पुस्तकात कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क (आवळण्याचा पीळ) चौथ्या हिश्शाने कमी धरा. मधल्या नटापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दोन टप्प्यांत आवळा. इंजिन पूर्ण तापवा, रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी प्रत्येक नटाला पाना लावून पुन्हा एकदा पाहा. नव्या गॅस्केटवर त्यांतले दोन-तीन तरी पाव फेरा घेतील.